नेव्हिल डिसूझा : मेलबर्नमधील तो आठवडा

कोल्हापूरची ख्याती कुस्तीची पंढरी म्हणून असली, तरी या नगरीचे दुसरे वेड फुटबॉलचे आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावे तालमींची. पण शाहू स्टेडियमवर त्याच नावांनी फुटबॉलचे संघ उतरतात आणि पेठापेठांतील इरेसरी मैदानात येऊन उभी राहते. या कोल्हापुरातून गोव्याकडे जाण्याच्या वाटांपैकी एक गगनबावड्यावरून जाते. करूळचा घाट उतरला की वैभववाडी, पुढे तळेरे आणि तेथून दक्षिणेकडे वळले की फुटबॉलचा दुसरा मुलूख. घाटाच्या वर आणि घाटाच्या खाली, दोन्हीकडे या खेळावर जीव टाकणारी माणसे आहेत. तरीही भारतातर्फे ऑलिंपिकच्या फुटबॉल मैदानात सर्वाधिक गोल कोणी केले, असा प्रश्न विचारला तर दोन्हीकडे क्षणभर शांतताच पसरेल. चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी अशी बंगाली नावे पुढे येतील. ज्याचे नाव यायला हवे तो मूळचा बार्देशातील आसगावचा आणि घडलेला मुंबईच्या मैदानांवर. त्याचे नाव नेव्हिल डिसूझा.

भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकच्या मुख्य स्पर्धेत चार वेळा खेळला : १९४८ साली लंडनला, १९५२ साली हेलसिंकीला, १९५६ साली मेलबर्नला आणि १९६० साली रोमला. त्यानंतर आजतागायत नाही. या चार स्पर्धांत मिळून भारताने प्रत्यक्ष मैदानात आठ सामने खेळले आणि त्यांत दहा गोल केले. या दहापैकी चार गोल एकट्या नेव्हिलचे आहेत, आणि तेही १ डिसेंबर ते ४ डिसेंबर १९५६ या चार दिवसांतले. आयुष्याचा एवढा मोठा ठेवा एका आठवड्यात गोळा व्हावा आणि उरलेले आयुष्य त्याच्या सावलीत जावे, असे भाग्य म्हणावे की दुर्भाग्य, हे सांगणे कठीण आहे.

नेव्हिलचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ चा. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल होता. आसगाव हे म्हापशाजवळचे गाव, आणि शेजारीच शिवोली. गोव्यात फुटबॉलचा चेंडू पहिल्यांदा उसळला तो याच शिवोलीत, १८८३ साली, विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंच्या हातून, असे मानले जाते. प्रकृती सुधारण्यासाठी आलेल्या या पाद्र्याने बार्देशातील मुलांना जो नाद लावला, तो पुढे साऱ्या गोव्याच्या अंगात भिनला. म्हणजे नेव्हिलचे कूळ आणि गोव्याचा फुटबॉल ही एकाच मातीतली, चार-पाच किलोमीटरच्या परिघातली.

मात्र त्या काळी गोव्यातील तरुणाला मोठे व्हायचे असेल तर मुंबई गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते. जहाजावर चाकरी करणारे खलाशी, हॉटेलांतले आचारी, वाद्यवृंदांतले वादक, कचेऱ्यांतले कारकून अशा नाना रूपांत गोवेकर ख्रिस्ती समाज मुंबईत स्थिरावला होता. धोबीतलाव, कावेल, माझगाव, भायखळा या भागांत गावागावांचे ‘कूड’ होते. नव्याने आलेल्या गाववाल्याला तिथे पथारी टाकायला जागा आणि घरच्या भाषेतली चार माणसे मिळत. प्रार्थना, तियात्र आणि फुटबॉल या तीन गोष्टींनी हा समाज परक्या शहरात एकत्र बांधून ठेवला होता. नेव्हिल आणि पुढे भारताकडून खेळलेला त्याचा भाऊ डेरेक हे दोघेही या वातावरणातले. एका घरातून दोन आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू निघावेत ही गोष्ट आज मुंबईत कल्पनेतही बसणार नाही.

मुंबईचा फुटबॉल हा पावसाळ्याचा खेळ. क्रिकेटच्या खेळपट्ट्या झाकल्या गेल्या की कूपरेजवर आणि आझाद मैदानावर चिखल तुडवायला सुरुवात होई. स्थानिक संघांसाठी हारवूड लीग, आणि देशभरातील बड्या संघांसाठी रोव्हर्स करंडक. १८९१ साली सुरू झालेली ही रोव्हर्स स्पर्धा आरंभी गोऱ्या पलटणींची मिरासदारी होती. शतकभर चालून ती पुढे बंद पडली. पण पन्नासच्या दशकात रोव्हर्सचा अंतिम सामना म्हणजे मुंबईतील मोठा सोहळा असे. हैदराबाद सिटी पोलीस या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हा करंडक मुंबईच्या नाकावर टिच्चून नेला. त्या संघाला घडवणारे गुरू होते सय्यद अब्दुल रहीम. हे नाव नेव्हिलच्या आयुष्यात लवकरच येणार होते.

नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळू लागला. या ठिकाणी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. इंग्लंडमध्ये फुटबॉलपटू हा व्यवसायच होता. खेळाडू क्लबशी करार करी आणि आठवड्याचा पगार घेई. अर्थात तोही आजच्यासारखा राजेशाही नव्हे. १९५६ साली युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा ‘बॅलन डी ओर’ हा किताब पहिल्यांदाच देण्यात आला आणि तो एक्केचाळीस वर्षांच्या स्टॅन्ली मॅथ्यूजला मिळाला. पण त्या मॅथ्यूजच्याही पगाराला कमाल मर्यादेचे कुंपण होते. आठवड्याला वीस पौंडांपर्यंत पोचलेली ती मर्यादा १९६१ साली उठली. आपल्याकडे मात्र खेळाचा पगार अशी चीजच नव्हती. पगार मिळे तो कंपनीतील नोकरीचा. टाटा, कॅलटेक्स, रेल्वे, पोलीस, लष्कर हे खेळाडूंचे आश्रयदाते. दुपारपर्यंत टेबलावर फायली आणि संध्याकाळी कूपरेजवर सामना, असा हा संसार. सवलती मिळत, सुट्या मिळत. पण हजेरीपटावर नाव असे ते नोकर म्हणून. कागदोपत्री हौशी आणि प्रत्यक्षात रोजचा कसलेला खेळाडू, अशी ही दुहेरी ओळख त्या काळातल्या प्रत्येक चांगल्या भारतीय फुटबॉलपटूची होती. संस्थाने गेल्यावर पैलवानांची जी स्थिती झाली, ती ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना ही व्यवस्था चटकन उमगेल. आश्रयदाता चांगला असेल तोवर खेळाडूचे बरे चाले. पण त्याच्या खेळावर त्याचे म्हातारपण उभे राहत नसे.

१९५४ साली मुंबईने राष्ट्रीय अजिंक्यपदाचा संतोष करंडक पहिल्यांदा जिंकला. बंगालच्या मक्तेदारीला छेद देणाऱ्या त्या संघात बावीस वर्षांचा नेव्हिल होता. त्याची जागा मध्यभागी, आघाडीच्या टोकाला. आघाडीपटूच्या कामात थोडी निर्दयता लागते. बाकीचे दहा जण जो चेंडू कष्टाने पुढे आणतात, तो जाळ्यात लोटायला त्याला एखादाच क्षण मिळतो. तो क्षण चुकला तर शिव्या त्याच्या वाट्याला, साधला तर टाळ्याही त्याच्याच.

इकडे भारतीय फुटबॉल एका जखमेतून सावरत होता. लंडनला १९४८ साली भारताने फ्रान्सला चांगलेच झुंजवले होते. दोन पेनल्टी हुकल्या आणि सामना १-२ असा गेला. त्या संघातील बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते आणि इंग्रज प्रेक्षकांना त्याचे मोठे कौतुक वाटले होते. चार वर्षांनी हेलसिंकीत या कौतुकाची किंमत मोजावी लागली. थंड, ओल्या मैदानावर युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे लोळवले. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. पण बूट घातल्याने पाय बदलतात, डोके बदलत नाही. डोके बदलण्याचे काम रहीम यांनी केले. व्यवसायाने शिक्षक असलेल्या या माणसाने चेंडू एकट्याने नाचवत नेण्याच्या हौसेला आळा घातला. आखूड, जलद पास, मोकळ्या जागेची जाण आणि दोन्ही पायांचा सारखा वापर या गोष्टी संघाच्या अंगवळणी पाडल्या. ज्या पायाने खेळाडूला सहसा खेळता येत नाही, त्याच पायाने सराव सामने खेळायला लावणारे हे गुरुजी होते. ज्यांच्या शिष्यांनी कूपरेजवर पाच वर्षे मुंबईला नमवले, त्यांच्याच हाताखाली मुंबईचा आघाडीपटू आता मेलबर्नला निघाला.

संघाचे कर्णधारपद समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी याच्याकडे होते. बगलेवर पी. के. बॅनर्जी, आघाडीत तुळशीदास बलराम आणि किट्टू या नावाने ओळखला जाणारा जे. कृष्णस्वामी, मधल्या फळीत केंपय्या आणि नूर मोहम्मद, बचावात अझीज, लतीफ, रहमान. गोलरक्षक दोघे : पीटर थंगराज आणि मुंबईचा एस. एस. नारायण. हैदराबाद, बंगाल, म्हैसूर, मद्रास, मुंबई असा सारा देश त्यात होता. आणि गोवा? गोवा भारतात नव्हताच. नेव्हिलच्या बाबतीतली ही सर्वांत विलक्षण गोष्ट आहे आणि तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या होत्या. भारत सरकारने नाकेबंदी केली, सीमा बंद झाल्या आणि मुंबईतील गोवेकरांना आपल्या गावी जाणे कमालीचे अवघड होऊन बसले. अशा वेळी ज्याच्या कुळाचे गाव परक्या झेंड्याखाली होते, असा एक तरुण भारताचा पोशाख अंगावर चढवून ऑस्ट्रेलियात उतरला. गोवा मुक्त व्हायला अजून पाच वर्षे होती.

मेलबर्नचे ऑलिंपिकही साधेसुधे नव्हते. सुएझच्या प्रश्नावरून इजिप्तने अंग काढून घेतले होते. हंगेरीतील उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडल्याच्या निषेधार्थ नेदरलँड्स, स्पेन, स्वित्झर्लंड आले नाहीत. फुटबॉलला सोळा संघांची योजना होती, प्रत्यक्षात अकराच संघ खेळले. पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी पडली होती. १९५२ च्या ऑलिंपिक विजेत्या हंगेरीशी! पण बुडापेस्टमध्ये जे घडले त्यानंतर हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही आणि भारताला पुढे चाल मिळाली. एका राष्ट्राची शोकांतिका दुसऱ्याच्या वाट्याला संधी होऊन येते, ती अशी.

शनिवार, १ डिसेंबर १९५६. उपांत्यपूर्व फेरीत समोर यजमान ऑस्ट्रेलिया. अंगापिंडाने दांडगे खेळाडू आणि घरचे प्रेक्षक. ऑस्ट्रेलियाने जपानला २-० असे हरवून इथवर मजल मारली होती. नवव्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला. सतराव्या मिनिटाला ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल. मध्यंतराला चार मिनिटे असताना पुन्हा मॉरो. २-२ अशा बरोबरीत मध्यंतर झाले. तोवरचा सामना म्हणजे जणू दोन आघाडीपटूंमधली खासगी लढतच होती. एकाने द्यावे, दुसऱ्याने परत करावे. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांनी, पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिलने तिसऱ्यांदा जाळे हलवले. या वेळी मॉरोकडे उत्तर नव्हते. ऐंशीव्या मिनिटाला किट्टूने चौथा गोल करून निकाल पक्का केला. भारत ४, ऑस्ट्रेलिया २.

ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक नोंदवणारा पहिला आशियाई खेळाडू म्हणून नेव्हिलची नोंद झाली ती त्या दिवशी. भारतीयांपुरते बोलायचे तर तो पहिला आणि आजवरचा एकमेव. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोचलेला भारत हा पहिला आशियाई संघ ठरला. याच स्पर्धेत ज्या ब्रिटनने आपल्याला हा खेळ शिकवला, त्याचा हौशी खेळाडूंचा संघ आदल्याच दिवशी बल्गेरियाकडून १-६ असा हरून बाहेर पडला होता. खेळ शिकवणारे घरी आणि शिकणारे उपांत्य फेरीत! आपल्या क्रीडा इतिहासातील या गंमतीची आपण पुरेशी मजाही लुटलेली नाही.

उपांत्य फेरीत ४ डिसेंबरला समोर आला तो युगोस्लाव्हिया, चार वर्षांपूर्वी दहा गोल ठोकणारा. हेलसिंकीची आठवण असलेल्या कुणालाही पोटात गोळा यावा असा हा प्रतिस्पर्धी. या वेळी मात्र मध्यंतरापर्यंत भारताने त्याला एकही गोल करू दिला नाही. बावन्नाव्या मिनिटाला तर आक्रीतच घडले. नेव्हिलने गोल केला आणि भारत १-० असा पुढे गेला. ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यापासून भारत जेमतेम चाळीस मिनिटांच्या अंतरावर होता. भारतीय फुटबॉलच्या इतिहासात याहून उंच शिखर नाही. आणि त्या शिखरावर संघ दोन मिनिटे टिकला. चोपन्नाव्या मिनिटाला पापेचने बरोबरी केली, सत्तावन्नाव्या मिनिटाला व्हेसेलिनोविचने आघाडी मिळवली, पासष्टाव्या मिनिटाला पुन्हा पापेच आणि अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला भारताचा स्वयंगोल. निकाल १-४.

नंतरच्या चर्चेत नशिबाला बोल लावण्याची आपली रीत आहे. ती मला पटत नाही. आपल्याकडचे देशांतर्गत सामने तेव्हा पूर्ण नव्वद मिनिटांचे नसत. वर्षभर त्याहून कमी वेळेच्या खेळाची सवय असलेल्या पायांकडून, बदली खेळाडू घेण्याची सोय नसताना, युरोपातील कसलेल्या संघाविरुद्ध शेवटच्या अर्ध्या तासात दमाची अपेक्षा करणे हेच चुकीचे होते. युगोस्लाव्हियाचे चारही गोल उत्तरार्धातले आहेत, यातच सारे आले. रहीम यांनी खेळाडूंचे डोके बदलले; स्पर्धांचे वेळापत्रक आणि नियम बदलणे त्यांच्या हाती नव्हते.

कांस्यपदकाचा सामना ७ डिसेंबरला बल्गेरियाशी झाला. भारत ०-३ असा हरला आणि चौथ्या क्रमांकावर राहिला. नेव्हिलला त्या सामन्यात गोल करता आला नाही. स्पर्धेत सर्वाधिक म्हणजे चार गोल करणारे तिघे ठरले : युगोस्लाव्हियाचा तोदोर व्हेसेलिनोविच, बल्गेरियाचा दिमितार मिलानोव्ह आणि नेव्हिल डिसूझा. यातली खोच अशी की त्या दोघांनीही आपापला चौथा गोल भारताविरुद्धच केला. भारताची बचावफळी आणखी जराशी भक्कम असती, तर ऑलिंपिकचा सर्वोच्च गोलवीर म्हणून नेव्हिल एकटाच उभा असता.

मग हे यश मायदेशी घुमले का नाही? तारखा पाहिल्या की उत्तर आपोआप मिळते. ६ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नमध्येच भारतीय हॉकी संघाने पाकिस्तानला १-० असे हरवून सुवर्णपदक पटकावले. देशाला क्रीडाविजयाचा आनंद हवा होता, तो हॉकीने दिला; चौथ्या क्रमांकाला गळ्यात घालायला पदक नसते. त्याच ६ डिसेंबरला दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी, म्हणजे फुटबॉल संघ कांस्यपदकासाठी झगडत होता त्याच ७ तारखेला, मुंबईत लाखोंचा जनसागर अश्रू ढाळत दादरच्या दिशेने चालला होता. ज्या शहराने नेव्हिलला घडवले, त्या शहराला त्या दिवशी दुसरे काही दिसणे शक्य नव्हते आणि दिसू नये हेच योग्य होते. त्याच्या महिनाभर आधी, १ नोव्हेंबरला द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले होते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने रस्ते पेटलेले होते. अशा काळात सातासमुद्रापारचे चार गोल वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवरून हलकेच निसटून गेले असतील, तर त्यात दोष कुणाचा?

मेलबर्नचे यश कमी लेखणारा एक मतप्रवाह आहे, आणि त्यातला मुद्दा खोटा नाही. निम्मे मातब्बर संघ आले नव्हते, व्यावसायिक खेळाडूंना ऑलिंपिकची दारे बंद होती, हंगेरीशी सामना झालाच नाही. मग चौथ्या क्रमांकाचे मोल किती? पण या गणितात पूर्व युरोपची एक मेख आहे. सोव्हिएत संघ आणि युगोस्लाव्हिया यांचे हौशी खेळाडू हे त्यांचे राष्ट्रीय खेळाडूच होते. सुवर्णपदक जिंकणाऱ्या सोव्हिएत संघात गोलरक्षक होता लेव्ह याशिन. युगोस्लाव्हियाच्या संघात शेकुलारात्स होता. ज्या व्हेसेलिनोविचच्या पंक्तीला नेव्हिलचे नाव लागते, तो युरोपातल्या गाजलेल्या आघाडीपटूंपैकी एक. कंपनीच्या हजेरीपटावरचा एक माणूस अशांच्या बरोबरीने उभा राहिला. तुलना करायचीच तर या बाजूनेही करावी.

मेलबर्नहून परतल्यावर नेव्हिल पुन्हा मुंबईच्या मैदानांवर उतरला. १९५८ साली कॅलटेक्सच्या संघाने अंतिम सामन्यात कलकत्त्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगला नमवून रोव्हर्स करंडक जिंकला, त्या संघात तो होता. ज्या कूपरेजवर हैदराबादच्या पोलिसांनी पाच वर्षे मुंबईला खाली मान घालायला लावली होती, तिथेच हा करंडक मुंबईत राहिला. मुंबईपुरते पाहिले तर त्याच्या कारकिर्दीतले हे शेवटचे मोठे यश. कॅलटेक्स या अमेरिकी तेलकंपनीचे पुढे १९७६ साली राष्ट्रीयीकरण झाले आणि ती हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. संघ, मालक आणि करंडक या तिन्ही गोष्टी आज इतिहासजमा झाल्या आहेत.

रोमला १९६० साली जो भारतीय संघ गेला, त्यात नेव्हिल नव्हता. पी. के. बॅनर्जी कर्णधार होता, बलराम बहरात होता, चुनी गोस्वामीचा उदय झाला होता. भारताने फ्रान्सशी बरोबरी केली, हंगेरी आणि पेरू यांच्याकडून हार पत्करली. नेव्हिल त्या वेळी अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता. दोन वर्षांनी जाकार्तात रहीम यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले आणि त्या पिढीची नावे कायमची कोरली गेली. बॅनर्जी, बलराम आणि गोस्वामी यांचे त्रिकूट हे भारतीय फुटबॉलच्या सुवर्णयुगाचे प्रतीक झाले. मेलबर्नमध्ये याच पी. के. आणि बलराम यांच्या साथीने आघाडीला खेळलेला मधला माणूस मात्र हळूहळू चौकटीबाहेर गेला.

अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. फुटबॉलसाठी पहिला मान पी. के. बॅनर्जीला मिळाला, पाठोपाठ बलराम आणि गोस्वामी. पुढे जर्नेलसिंग, अरुण घोष, युसूफ खान, थंगराज अशी यादी वाढत गेली. गोव्याच्या ब्रह्मानंद शंखवाळकरला आणि ब्रुनो कुतिन्होलाही कालांतराने तो मिळाला. या यादीत नेव्हिल डिसूझाचे नाव नाही. पुरस्कार सुरू झाला तेव्हा त्याचा ऐन बहर ओसरला होता, हे एक कारण असेल. दुसरे कारण अधिक खरे वाटते. बंगालच्या खेळाडूमागे बंगाल होता, हैदराबादच्या खेळाडूमागे हैदराबाद. नेव्हिलच्या मागे कोण होते? मुंबईच्या दृष्टीने तो गोवेकर, आणि गोव्याच्या दृष्टीने मुंबईकर. १९५६ सालीच गोव्यात साळगावकर संघाची स्थापना झाली. मुक्तीनंतर तिथला फुटबॉल स्वतःच्या पायावर उभा राहिला, १९८२-८३ साली गोव्याने संतोष करंडकावर प्रथमच नाव कोरले, आणि मग गोव्याला स्वतःचे नायक मिळाले. मुंबई तोवर पूर्णपणे क्रिकेटची झाली होती.

१६ मार्च १९८० रोजी नेव्हिलचे निधन झाले. वय सत्तेचाळीस. ज्या वयात माजी खेळाडू प्रशिक्षक, निवड समितीचे सदस्य, आठवणी सांगणारे बुजुर्ग होतात, त्या वयात तो निघून गेला. त्याचे सवंगडी पुष्कळ जगले. पी. के. बॅनर्जी २०२० साली, नारायण २०२१ साली, कर्णधार बद्रू बॅनर्जी २०२२ साली आणि बलराम २०२३ साली गेला. वर्षानुवर्षे पत्रकार त्यांच्याकडे जात राहिले, मेलबर्नच्या कहाण्या ऐकत राहिले. त्या कहाण्यांत नेव्हिल येई तो इतरांच्या तोंडून. स्वतःच्या तीन गोलांची गोष्ट स्वतः सांगायला तो उरला नव्हता.

रहीम यांच्या जीवनावरचा ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट एप्रिल २०२४ मध्ये पडद्यावर आला. त्यात नेव्हिल डिसूझा हे पात्र त्याच्या खऱ्या नावानिशी आहे. क्रिकेटच्या हंगामात आलेल्या त्या चित्रपटाला गर्दी बेताचीच झाली. त्याचा कळस जाकार्ताच्या १९६२ च्या सुवर्णपदकात आहे. मेलबर्न हे त्यातले वाटेवरचे एक स्थानक.